‘गावी’ आणि ‘गावात’ : ‘उलट स्थलांतर’ ह्या संज्ञेची चिकित्सा

शहरांतून खेड्यांकडे होणाऱ्या लोकसंख्येच्या हालचालीस ‘उलट स्थलांतर’ असे म्हणण्याचा प्रघात मराठीत अलीकडे पडला आहे. २०२० पूर्वी ही संज्ञा अभ्यासकांच्या लेखनाबाहेर फारशी आढळत नसे. त्या वर्षी २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली, आणि पुढील दोन महिन्यांत मुंबई, पुणे, सुरत, दिल्ली येथून लक्षावधी माणसे पायी, मालमोटारीतून, आणि १ मे नंतर खास श्रमिक गाड्यांतून आपापल्या मुलखाकडे निघाली. केंद्र सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे अशा रीतीने स्वतःच्या राज्यात पोहोचलेल्या मजुरांची संख्या सुमारे १ कोटी ४ लाख होती. एवढ्या मोठ्या घटनेला नाव हवे होते. इंग्रजीत तयार असलेली संज्ञा शब्दशः मराठीत उतरवण्यात आली, आणि आज ती पाठ्यपुस्तकांत, शासकीय अहवालांत व साहित्यसमीक्षेतही निःशंकपणे वावरत आहे.

संज्ञा उसनी आहे हा तिच्यावरील मुख्य आक्षेप नव्हे. मराठीतील शास्त्रीय परिभाषेचा मोठा भाग उसन्या कल्पनांवरच उभा आहे. आक्षेप आहे तो ‘उलट’ ह्या पूर्वपदावर. कोणतीही गोष्ट उलट ठरवावयाची, तर तिची सुलट बाजू आधी गृहीत धरावी लागते. येथे खेड्यातून शहराकडे जाणे ही सुलट दिशा मानली गेली आहे. शिवाय मराठीत ‘उलट’ हा शब्द केवळ दिशा दाखवीत नाही. उलट उत्तर, उलटतपासणी, उलटी गंगा, उलट्या काळजाचा ह्या प्रयोगांत विपरीतपणाची, स्वाभाविक क्रम मोडल्याची छटा आहे. म्हणजे जो मनुष्य गिरणी बंद पडल्यावर किंवा खोलीचे भाडे थकल्यावर आपल्या घरी जातो, तो ह्या संज्ञेनुसार काही तरी क्रमविरुद्ध करीत असतो. स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया घालणारा रॅव्हनस्टाईन ह्याने १८८५ च्या आपल्या निबंधात असा अर्थ कोठेही सुचवलेला नाही. स्थलांतराचा प्रत्येक मोठा प्रवाह आपल्याबरोबर भरपाईचा एक प्रतिप्रवाह निर्माण करतो, असे त्याचे प्रतिपादन होते. प्रतिप्रवाह हा मूळ प्रवाहाचाच अंगभूत भाग असतो. तो केवळ आपत्तीच्या वेळी उद्भवत नाही. रोज वाहत असतो.

हिंदीच्या अनुकरणाने आलेल्या दुसऱ्या एका शब्दाचाही येथेच निर्देश करावयास हवा. २०२० च्या वृत्तलेखनात ‘प्रवासी मजूर’ हा प्रयोग वारंवार दिसला. हिंदीत ‘प्रवासी’ म्हणजे स्वदेश सोडून अन्यत्र राहणारा. मराठीत प्रवासी म्हणजे प्रवास करणारा, बहुधा तिकीट काढून गाडीत बसलेला. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मरण पावले. जालन्याहून निघून, भुसावळला गाडी मिळेल ह्या आशेने, ते मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी चालले होते. त्यांना मराठीत प्रवासी म्हणणे किती विसंगत आहे हे वेगळे सांगावयास नको. भाषांतरित संज्ञा अशा वेळी केवळ चुकीची ठरत नाही. ती वस्तुस्थितीकडे पाहू देत नाही.

संज्ञेचा प्रश्न गणनेच्या प्रश्नाशी निगडित आहे. भारतीय जनगणनेत १९६१ पर्यंत स्थलांतरित कोण, हे जन्मस्थळावरून ठरवले जाई. मागील वास्तव्याचे ठिकाण विचारण्यास प्रारंभ झाला तो १९७१ पासून. ह्या दोन कसोट्यांतील अंतर एका कल्पित पण अगदी सामान्य कुटुंबावरून स्पष्ट होईल. गुहागर तालुक्यातील एक मनुष्य वीस वर्षे परळच्या गिरणीत काम करून आपल्या जन्मगावी कायमचा परत येतो. जन्मस्थळाच्या कसोटीने तो स्थलांतरित नाहीच. वीस वर्षांचे परळ कागदावरून पुसले जाते. मागील वास्तव्याच्या कसोटीने तोच शहरातून खेड्यात आलेला स्थलांतरित ठरतो. त्याचा परळमध्ये जन्मलेला मुलगा दोन्ही कसोट्यांनी स्थलांतरित आहे. तो गावी ‘परतलेला’ मात्र नाही, कारण तेथे तो पूर्वी कधी राहिलाच नव्हता. आणि ह्या कुटुंबातील जी स्त्री शेजारच्या गावाहून लग्न होऊन आली व नंतर वीस वर्षे सासरचे घर आणि भातशेती सांभाळीत तेथून हलली नाही, ती दोन्ही कसोट्यांनी स्थलांतरित आहे. भारतातील स्थलांतरितांच्या एकूण आकड्यात विवाहामुळे गाव बदललेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा असतो, हे लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेच. पण त्या आकड्याचा अर्थ लावताना ते बहुधा विसरले जाते.

श्रमबलाच्या २०२०-२१ च्या नियतकालिक सर्वेक्षणाने मार्च २०२० नंतर कुटुंबात येऊन किमान पंधरा दिवस, पण सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेल्यांसाठी ‘तात्पुरते पाहुणे’ असा वेगळा वर्ग केला. आपल्याच घरी आलेला मुलगा त्यात पाहुणा ठरला. त्याच सर्वेक्षणमालिकेनुसार देशातील एकूण रोजगारात शेतीचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता, तो २०२०-२१ मध्ये ४६.५ टक्क्यांवर गेला. पाहुणे शेतात उतरले होते, एवढाच ह्याचा अर्थ. २०२१ ची जनगणना झाली नाही, आणि पुढील जनगणना २०२७ साठी जाहीर झालेली आहे. त्यामुळे त्या दोन वर्षांतील हालचालीचे पूर्ण चित्र कोणत्याही शिरगणतीत उमटलेले नाही.

ही हालचाल अपवादात्मक आहे, ही समजूत तर इतिहासाला मुळीच धरून नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिज्वराचे निदान झाले. १८९१ च्या जनगणनेप्रमाणे शहराची वस्ती ८ लाख २१ हजार होती. १८९७ च्या आरंभापर्यंत तिच्यातील जवळजवळ निम्मी माणसे बाहेर पडली, असा समकालीन अंदाज आहे. गिरणीमालकांना हात मिळेनात, आणि उरलेल्या कामगारांना रोजचा पगार रोज चुकता करावा लागला. साथ ओसरल्यावर माणसे पुन्हा आली. साथ नसतानाही पेरणीला, लग्नसराईला, शिमग्याला, गणपतीला गिरणगाव काही अंशी रिकामे होतच असे. व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखालील श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात असे नोंदवले की, कामगार शहराच्या ओढीने येत नाही, तो गावाकडून ढकलला जातो. आणि गावाशी असलेला त्याचा दुवा तोडण्याऐवजी तो राखून नियमित करावा, अशी शिफारस केली. पुढे राजनारायण चंदावरकर ह्यांनी मुंबईच्या कामगारवर्गावरील १९९४ च्या ग्रंथात ह्याहून एक पाऊल पुढे टाकले. गावाशी टिकून राहिलेला संबंध हे कामगार अर्धवट शेतकरीच राहिल्याचे चिन्ह नसून, अनिश्चित वेतनाच्या शहरात तग धरण्याचे ते साधनच होते, असे त्यांनी दाखवून दिले. संप लांबला की गावचे तांदूळ उपयोगी पडत, आणि गावी पीक बुडाले की मनिऑर्डर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाला इतका दीर्घ काळ टिकून राहता आले, त्यामागे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या जिल्ह्यांतील घरे होती. तो संप औपचारिकपणे कधी मागे घेण्यातच आला नाही. गावी गेलेल्यांपैकी पुष्कळजण मग तेथेच राहिले.

इतिहासकाराने १९९४ मध्ये सिद्ध केलेली गोष्ट बोलीभाषेने मात्र कितीतरी आधीपासून जपून ठेवली होती. मराठी व्याकरणात सप्तमीचे ‘त, ई, आ’ हे प्रत्यय पाठ करून घेतले जातात, आणि त्यांत जणू पर्यायाचाच संबंध आहे असे शिकवले जाते. आजच्या जिवंत भाषेत तसे नाही. ‘त’ हा प्रत्यय कोणत्याही स्थलवाचक नामाला लागतो: शहरात, गिरणीत, मुंबईत, खोलीत. ‘ई’ मात्र मोजक्याच नामांशी टिकून आहे, आणि ती नामे पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. घरी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. ‘शहरी’ हे रूप भाषेत आहे, पण ते विशेषण आहे. ‘तो शहरी राहतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘मुक्कामी’, ‘ठिकाणी’ अशी काही रूपे ह्या गटाबाहेरची आहेत, त्यामुळे नियम फार ताणू नये. तरीही एवढे म्हणता येते की, ज्या स्थळांशी मनुष्याचे नाते जन्माने वा लग्नाने जडते, त्यांच्यापाशी जुनी सप्तमी अद्याप टिकली आहे. जेथे तो केवळ असतो, तेथे ‘त’ पुरेसा होतो. ‘गावी जातो’ म्हणणाऱ्यास ‘कोणाच्या?’ असे विचारावे लागत नाही. षष्ठीचे स्वामित्व त्या सप्तमीतच सामावलेले असते.

ह्याला जोडूनच ‘परत’ ह्या अव्ययाचा व्यवहार पाहण्यासारखा आहे. गणपतीला निघालेला मनुष्य ‘गावी जातो’ असे म्हणतो, ‘गावी परत जातो’ असे सहसा म्हणत नाही. सण आटोपल्यावर मात्र तो ‘परत मुंबईला’ निघतो. ह्यावरून मुंबई हेच त्याचे मूळ स्थान झाले, असा निष्कर्ष कोणी काढील. पण तो घाईचा होईल. ‘गावी परत आला’ ह्या वाक्याचा बोलण्यातील अर्थ मुंबई सुटली असा होतो, आणि तो अर्थ पक्का करण्यासाठी बहुधा ‘कायमचा’ हे पद जोडावे लागते. म्हणजे एरवीचे जाणेयेणे हे स्थलांतर नव्हेच. एकाच विस्तारलेल्या घराच्या दोन टोकांमधील ती ये-जा आहे. शहराकडील टोकाला ‘बिऱ्हाड’ किंवा ‘खोली’ म्हणत. ‘घर’ हा शब्द गावासाठी राखलेला असे. एका गावच्या माणसांनी मिळून मुंबईत धरलेल्या गावकीच्या खोल्या, किंवा गोव्याच्या खलाशांच्या गाववार ‘कुडी’, ह्या त्या टोकाच्या संस्था होत. अशा माणसाचा आडनावाशीही संबंध लागतो. ‘कर’ प्रत्ययाचे आडनाव गावाबाहेरच अर्थपूर्ण असते. सांगवीत सगळेच सांगवीकर. उलट कोकणातील वाडीत ‘मुंबईकर’ म्हणजे मुंबईचा रहिवासी असा अर्थ नसून, आपल्यापैकीच जो मुंबईस असतो तो, असा अर्थ आहे. शहरात तो गावाच्या नावाने ओळखला जातो आणि गावी शहराच्या.

कोकणात ह्याच माणसाला ‘चाकरमानी’ म्हणतात. शब्दाचे पूर्वपद फारशी ‘चाकर’ आहे, आणि त्यातील चाकरीचा अर्थ अपमानकारक असल्याची तक्रार काही मंडळींकडून होत होती. २०२५ च्या ऑगस्टात, गणेशोत्सवाच्या तोंडावर, शासकीय व्यवहारात त्याऐवजी ‘कोकणवासी’ असा शब्द वापरावा, असे राज्य शासनाच्या पातळीवरून सांगण्यात आले. हेतू चांगला असेल, पण भाषेच्या दृष्टीने हा बदल स्वीकारार्ह नाही. ‘चाकर’ शब्दाच्या व्युत्पत्तीवरून ‘चाकरमानी’ शब्दाचा मान ठरवणे हीच मुळात चूक होय. कोकणातील आयाबहिणी तो शब्द उच्चारतात तेव्हा त्यात वाट पाहणे असते, थोडा अभिमान असतो, क्वचित थट्टाही असते. आणि ‘कोकणवासी’ म्हणजे कोकणात राहणारा. जो तेथे राहत नाही म्हणूनच ज्याला वेगळे नाव हवे होते, त्याला हे नाव देण्यात आले. ‘चाकरमानी’ ह्या एका शब्दात दोन्ही ठिकाणे व त्यांना जोडणारे कारण सांगितलेले आहे. नव्या शब्दात त्यांपैकी एक ठिकाण आणि कारण दोन्ही गळून पडतात.

शहरातून खेड्याकडे जाण्याचा एक निराळा, गौरवलेला प्रकारही मराठीस परिचित आहे. तो म्हणजे गांधीयुगातील ‘खेड्याकडे चला’ ही हाक. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, खानदेशातील फैजपूर येथे भरले, तेव्हा ह्या हाकेला दृश्य रूप आले. तिची शब्दयोजना मात्र बारकाईने पाहावी. स्वतःच्या गावाला मनुष्य ‘खेडे’ म्हणत नाही. खेडे हा बाहेरून पाहणाराचा शब्द आहे आणि ‘खेडवळ’ हे त्याचेच अपत्य. ‘कडे’ हे शब्दयोगी अव्यय केवळ दिशा दाखवते, पोहोचण्याची हमी देत नाही. जो ‘खेड्याकडे’ जातो तो सेवा करावयास जातो आणि त्याला परतीचा मार्ग मोकळा असतो. जो ‘गावी’ जातो त्याच्यापाशी तो बहुधा नसतो. ह्या दोन प्रकारच्या माणसांना एकाच ‘उलट स्थलांतरा’त जमा केल्यावर मुदलातला फरकच नाहीसा होतो.

मराठी साहित्यसमीक्षेने, आपण संज्ञा वापरीत आहोत हे न जाणताही, हीच दिशा स्वीकारलेली दिसते. भालचंद्र नेमाडे ह्यांच्या ‘कोसला’ (१९६३) ह्या कादंबरीचे उदाहरण ह्यासाठी सर्वांत बोलके आहे. पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास जातो, अपयशी होतो आणि आपल्या गावी येतो. ह्या येण्याचे वाचन प्रायः पराभव, परात्मता, निरर्थकता ह्या संकल्पनांच्या आधारे करण्यात आले, आणि अस्तित्ववादाची चर्चा तर कादंबरीच्या पाठोपाठच सुरू झाली. त्या वाचनात तथ्य नाही असे नाही. परंतु ते पुण्याकडून केलेले वाचन आहे. पुण्यात जे घडावयास हवे होते ते घडले नाही, म्हणून गावी येणे हा शेवट, अशी त्यातील मांडणी आहे. वस्तुतः कादंबरी पुणे सुटल्यावर संपत नाही. गावात शिकून रिकामे बसलेले तरुण आहेत, घरचा व्यवहार आहे, वडिलांची सत्ता आहे. आणि ह्या सर्वांत पांडुरंगाला जागा मिळवावयाची आहे. सातबारावर ज्याचे नाव पुढेमागे लागणारच आहे अशा मुलाचे हे परतणे आहे. ते दुःखद आहे, तरी निराधार नाही.

भाषेच्या अंगाने ‘कोसला’त आणखी एक गोष्ट घडते, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ ह्या पदांनी घडवलेली पांडुरंगाची निवेदनशैली ही वसतिगृहात, महाविद्यालयात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत घडलेली शैली आहे. निवेदन परतल्यानंतरचे असल्यामुळे तीच भाषा बालपणाच्या गावालाही लागू होते आणि शेवटच्या गावालाही. म्हणजे मनुष्य गावी आला, तरी त्याचे वाक्य पुण्यातच राहिले आहे. कादंबरीतील विनोद आणि क्लेश दोन्ही येथूनच येतात. परतणे ही केवळ स्थळाची घटना असती, तर ही विसंगती निर्माणच झाली नसती. पुढे ‘हिंदू’ (२०१०) मध्ये नेमाड्यांनी पित्याच्या अंतकाळी मोरगावी निघालेल्या खंडेरावाच्या परतीच्या वाटेवरच सगळे निवेदन उभे केले. तेथे परतणे हा शेवट नसून आरंभ आहे, हा बदल लक्षणीय होय. मात्र त्या प्रचंड कादंबरीचा विचार एका परिच्छेदात उरकणे योग्य नव्हे.

गिरणगावाच्या साहित्यात ह्याची दुसरी बाजू दिसते. जयंत पवार ह्यांचे ‘अधांतर’ हे नाटक संपानंतरच्या एका कुटुंबाला चाळीतल्या खोलीत खिळवून ठेवते, आणि त्याची सारी शक्ती त्या खोलीतच आहे. जे खोली सोडून गेले, ते रंगमंचाबाहेर गेले. नीरा आडारकर व मीना मेनन ह्यांनी गिरणगावातील माणसांच्या तोंडून संकलित केलेला इतिहास ह्या बाबतीत साहित्यापेक्षा अधिक बोलतो. तरी त्याचाही केंद्रबिंदू, विषयानुसार, शहरच आहे. परतलेल्या कामगाराचे गावातील दुसरे वर्ष, पाचवे वर्ष, दहावे वर्ष हा मराठी कथात्म साहित्याचा ठळक विषय झाला नाही. अभ्यासकांनी शोधावे असे हे क्षेत्र आहे.

आतापर्यंतच्या विवेचनाला एक मोठी मर्यादा आहे, आणि ती न सांगितल्यास ‘गावी’ ह्या रूपाचा उगाच गौरव केल्यासारखे होईल. दया पवार ह्यांच्या ‘बलुतं’ (१९७८) ह्या आत्मकथनात मुंबईचा कावाखाना आणि धामणगाव ह्यांच्यामध्ये बालपण विभागलेले आहे. कुटुंब मुंबईहून गावी येते. पांडुरंग सांगवीकर येतो त्याच प्रत्ययाने येते. पण ते जेथे येते तो महारवाडा आहे, आणि महारवाड्यातील माणसाच्या बोलण्यात ‘गावात जाणे’ म्हणजे वेशीच्या आतील सवर्ण वस्तीत जाणे. (हा ‘गावात’ शब्दाचा जुनाच अर्थ आहे, पुण्याच्या उपनगरातील मनुष्यही पेठांकडे निघाला की ‘गावात जातो’ म्हणतो.) म्हणजे असा मनुष्य ‘गावी’ असतो, पण ‘गावात’ नसतो. ज्या दोन प्रत्ययांना शालेय व्याकरण पर्याय मानते, त्यांच्यामध्ये येथे वेस उभी आहे. ‘ई’ प्रत्ययाने सुचवलेले नाते त्याच्याही वाट्याला येते, परंतु ते मालकीचे नसून बलुत्याचे, वेठीचे, येसकराच्या काठीचे नाते असते. शहरात त्याला निदान रस्त्यावर जात विचारली जात नसे. गावी आल्यावर ती सांगावीही लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानसभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जी कठोर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता. ‘मुळांकडे परतणे’ अशा शब्दांत शहरातून गावी जाण्याची भलावण करणाऱ्या आजच्या लेखकांनी, कोणाची मुळे गावात होती आणि कोणाची केवळ गावी, हा प्रश्न आधी सोडवावा. ‘उलट स्थलांतर’ ही संज्ञा ह्या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. तिच्या दृष्टीने दोघेही शहरातून खेड्यात गेलेले, एवढेच.

२०२० मध्ये वेशीचा अनुभव इतरांनाही अंशतः आला. मार्च-एप्रिलमध्ये अनेक गावांनी दगड, बांबू, काट्या टाकून रस्ते अडवले. ऑगस्टमधील गणेशोत्सवासाठी कोकणात येणाऱ्यांच्या विलगीकरणाचे दिवस किती असावेत, ह्यावर शासन आणि ग्रामपंचायती ह्यांच्यात बरीच घासाघीस झाली. गणपतीला दरवर्षी ज्याची वाट पाहिली जाई, त्याला शाळेच्या खोलीत दिवस काढावे लागले. ही भीती साथीची होती आणि ती साथीबरोबर गेली. त्यानंतरची अडचण साथीची नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. अशा प्रदेशात मनुष्य कायमचा येतो तेव्हा तो रिकाम्या जागेत येत नाही. ज्या जमिनीचे सामाईक उतारे पिढ्यान्‌पिढ्या तसेच पडून राहिले, जी भावजयीने किंवा चुलतभावाने कसली, तिच्यात तो येतो. वर्षातून दोनदा येणारा असतो तोवर तो चाकरमानी. भेटवस्तू आणतो, देवळाच्या वर्गणीत त्याचे नाव वर असते. तोच मिरगाच्या आधी आला आणि नवरात्रानंतरही गेला नाही, म्हणजे त्याला कोणता शब्द लावावयाचा? ‘चाकरमानी’ आता लागू नाही, कारण चाकरी संपली. ‘मुंबईकर’ काही काळ चालतो, पण त्यात टोचणी येते. ‘गावकरी’ होण्यासाठी नुसते राहणे पुरत नाही. कोकणात त्या शब्दाला मानपानाचा आणि हक्काचा जुना अर्थ आहे. उरतो तो ‘हिस्सेदार’ हा शब्द, आणि तो तलाठ्याच्या कागदांतून बोलण्यात उतरलेला आहे. बोलीने जाण्यासाठी, येण्यासाठी, वाट पाहण्यासाठी शब्द घडवले. येऊन राहिलेल्यासाठी तिच्यापाशी वाटणीचाच शब्द आहे. परिभाषा बनविणाऱ्यांनी ‘उलट’ आणि ‘सुलट’ ह्यांचा घोळ घालण्याऐवजी ह्या रिकाम्या जागेकडे पाहिले असते, तर निदान एवढे तरी कळले असते की, वीस वर्षे ज्या बाईने ती जमीन कसली, तिला ह्या आलेल्या माणसाविषयी काय म्हणावयाचे आहे, हे अद्याप कोणत्याही प्रश्नावलीत विचारलेले नाही.